चित्राखाली शब्द हवाच

कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या बाईला दोन वाक्यं हमखास ऐकावी लागतात. पहिलं, "अहो, काही अवघड नाही, नुसतं चित्र बघून दाबायचं." आणि थोड्या वेळानं दुसरं, "अहो, हे काय दाबलंत तुम्ही?" या दोन वाक्यांच्या मध्ये जे काही घडतं, त्याबद्दल आज लिहायचं आहे.

विषय तसा तांत्रिक. मी मराठी घेऊन बी.ए. झाले, घर सांभाळून बचत गटांचं काम करते. प्रोग्रॅमिंग हा काही माझा प्रांत नव्हे. पण पडद्यावरच्या बटणावर चित्र काढायचं की शब्द लिहायचा, हा प्रश्न एकट्या इंजिनिअरांवर सोडून कसं चालेल? ते बटण दाबणार कोण? आपण. चुकलं तर बोलणी कोण खाणार? तेही आपणच. मग त्याबद्दल मत देण्याचा हक्कही आपलाच की!

आमच्या भागातल्या गटांचे हिशेब एकत्र ठेवायला एका होतकरू मुलानं प्रोग्रॅम करून दिला. समाजमंदिराच्या खोलीत टेबलावर एक जुना कॉम्प्युटर आहे, त्यावर तो चालतो. मुलगा गुणी, पैसेही त्यानं नावालाच घेतले. पडद्यावर वर एका ओळीत आठ बटणं. सगळी चित्रांची, सुबक, रंगीत. एकावरही अक्षर नाही. "काकू, मुद्दाम चित्रं टाकलीत. आपल्या बायकांना सोपं जावं म्हणून," त्यानं कौतुकानं सांगितलं.

आता आमच्या बायकांना त्या चित्रांत काय दिसलं ते ऐका. निळ्या चौकोनी चित्राला कुणी कपाट म्हणालं, कुणी विजेच्या मीटरची पेटी. भिंग होतं, तो एकीला तळणाचा झारा वाटला. गोल फिरून मागे वळलेला बाण म्हणजे 'माघारी जा' की 'पुन्हा कर', यावर तर दोन तट पडले. हसण्यावारी नेलं आम्ही सगळं. पण शेवटून दुसरं चित्र होतं ते झाकणाच्या डब्याचं, आणि त्यानं मात्र घात केला.

झाकणाचा डबा आपल्या घरात कशासाठी असतो? ठेवण्यासाठी. डाळ, तांदूळ, पापड, दिवाळीचा फराळ, सगळं डब्यात. केर टाकायला आपल्याकडे कोपऱ्यातली फुटकी बादली असते, केराची सुपली असते, नाहीतर सकाळची घंटागाडी. उभ्या रेघांचा, वर कडी असलेल्या झाकणाचा पत्र्याचा डबा ही अमेरिकेतल्या घराबाहेरची कचराकुंडी. तिथल्या माणसाला ती बघताक्षणी कळते. आमच्या हिशेब लिहिणाऱ्या मैत्रिणीला ती कशी कळावी? मार्चअखेरचे दिवस. बँकेची माणसं दोन दिवसांनी येणार. तिनं संध्याकाळभर बसून चौदा सभासदांचे हप्ते भरले, सगळ्या नोंदी निवडल्या आणि नीट 'ठेवायच्या' म्हणून डबा दाबला. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी प्रश्न आला, खाली 'ओके' होतं. ठेवायच्याच होत्या, म्हणून तिनं 'ओके' केलं. पुढच्या क्षणी पडदा कोरा.

पुढचं मी लिहायला नको, तुम्हाला कल्पना येईल. नोंदी गेल्या म्हणजे पैसे गेले, असं गावात व्हायला किती वेळ लागतो? दोन बैठका तिला उभं करून प्रश्न विचारले गेले. नशीब, तिनं शाळेच्या शंभर पानी वहीत सगळं हातानं लिहून ठेवलं होतं, तेव्हा रुपयाला रुपया जुळला. पण तिनं हिशेबाचं काम सोडलं ते सोडलंच. "मला नाही जमत कॉम्प्युटर, ताई," म्हणते. दहावी झालेली बाई आहे ती. रोज पेपर वाचते, सासूबाईंना पोथी वाचून दाखवते. त्या डब्याखाली मराठीत 'पुसून टाका' एवढे दोन शब्द असते, तर तिनं तिकडे बोटही नेलं नसतं. ज्या बाईला वाचता येतं, तिच्यासमोरचे शब्द काढून घ्यायचे, आणि वर म्हणायचं की तुमच्या सोयीसाठी केलं!

हे असं का होतं, ते समजून घ्यावं म्हणून मी भाचीला धरलं. ती बी.सी.ए. करते आहे. तिनं मला लॅपटॉपवर करूनच दाखवलं. पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा. तिच्याबरोबर टीकिंटर नावाचा एक संच येतो. पडद्यावर खिडकी उघडायची, तिच्यात बटणं, रकाने, पाट्या मांडायच्या, ते सगळं त्यानं करता येतं. या पाटीला म्हणतात लेबल. आपण लोणच्याच्या बरणीवर चिकटवतो तसंच. लेबलवर शब्द लिहिता येतो किंवा चित्र लावता येतं. बटणाचंही तेच. भाचीनं एक बटण केलं. त्याला शब्द दिला 'जमा', चित्र दिलं नाण्याचं, आणि प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर नुसतं नाणं!

"शब्द कुठे गेला गं?" मी विचारलं.

"आहे मावशी, पण दिसत नाही. दोन्ही दिले की टीकिंटर चित्र दाखवतं, शब्द गिळतं."

मग तिनं त्याच ओळीत आणखी एक शब्द लिहिला, 'कंपाउंड'. त्यापुढे सांगायचं, चित्र कुठे हवं ते: डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. 'वर' सांगितलं की चित्र वर आणि त्याच्याखाली शब्द. पुन्हा चालवलं, तर नाण्याखाली ठळक 'जमा'. एवढंच. एका ओळीत एक शब्द जास्त. आणि हेही आधी नव्हतं बरं का. टीकिंटर ज्या टीके नावाच्या संचावर उभं आहे, त्यात ही सोय २००२ साली ८.४ या आवृत्तीबरोबर आली. त्याआधी बटणावर एकतर चित्र लावा नाहीतर शब्द लिहा, दोन्ही हवे असतील तर खटपट करा, असा मामला होता.

मला वाटलं, कॉम्प्युटरचा स्वभावच असा असेल. तर तसंही नाही. जावा या दुसऱ्या भाषेत स्विंग नावाचा असाच संच आहे. त्यातल्या लेबलला चित्र आणि शब्द दोन्ही दिले, की न सांगता दोन्ही दिसतात, आधी चित्र, शेजारी शब्द. आणि क्यूटी नावाचा तिसरा संच आहे, त्यात वरच्या पट्टीवरच्या बटणाला चित्र दिलेलं असलं, की न सांगता फक्त तेच दिसतं. शब्द हवा असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं. म्हणजे यात यंत्राचा स्वभाव वगैरे काही नाही. संच बनवणाऱ्या कुणीतरी ठरवलं, की प्रोग्रॅम लिहिणारा काही बोलला नाही तर काय व्हावं. आणि प्रोग्रॅम लिहिणारा बहुतेक वेळा काही बोलत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या डोळ्यांना ती चित्रं सरावाची झालेली असतात.

हे कळल्यावर मी आमच्या त्या मुलाकडे गेले. भांडायला नाही, विचारायला. त्यानं प्रोग्रॅम उघडून दाखवला, आणि काय सांगू, आठही बटणांना शब्द दिलेले होते! 'नवीन', 'साठवा', 'शोधा', 'पुसा', सगळं मराठीत. आधी त्यानं शब्दांचीच बटणं केली होती. मग चित्रं आणून लावली, तसे शब्द दिसेनासे झाले. "मोकळं छान दिसत होतं काकू, म्हणून तसंच ठेवलं," म्हणाला. आमच्या मैत्रिणीला वाचवणारा शब्द तिथेच होता, चित्राच्या पोटात.

पडद्यावर छान दिसणं याला माझा विरोध नाही. चित्रांनाही नाही. उलट, ही चित्रं आली कुठून ते वाचलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. अॅपल कंपनीचा मॅकिंटॉश कॉम्प्युटर जानेवारी १९८४ मध्ये बाजारात आला. त्याच्या पडद्यावरची चित्रं काढली सुझन केअर या बाईंनी. त्या इंजिनिअर नव्हत्या, कलेच्या विद्यार्थिनी होत्या, कलेतलीच डॉक्टरेट मिळवलेल्या. शाळेपासूनचे मित्र अँडी हर्ट्झफेल्ड तिथे प्रोग्रॅमिंग करत होते, त्यांनी बोलावलं म्हणून त्या गेल्या. चित्र काढायला जागा किती? बत्तीस गुणिले बत्तीस, म्हणजे एक हजार चोवीस चौकोन. प्रत्येक चौकोन काळा किंवा पांढरा, मधलं काही नाही. केअरबाईंनी चौकटीची वही आणली आणि चौकोन रंगवत बसल्या. लहानपणी आईनं त्यांना धागे मोजून टाके घालायचं भरतकाम शिकवलं होतं. मॅटीच्या कापडावर घरं मोजून ज्यांनी मोर आणि गुलाब काढलेत, त्यांना हे लगेच कळेल. एक घर चुकलं की मोराची मान वाकडी! केअरबाईंची ती चौकटीची वही पुढे न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं आपल्या संग्रहात घेतली. विंडोजवरचा पत्त्यांचा खेळ आपल्यातल्या किती जणींनी दुपारी खेळला असेल, त्यातले पत्तेही १९९० साली याच बाईंनी काढलेले.

पण बघा, मॅकिंटॉशच्या पडद्यावर कचऱ्याच्या डब्याखाली 'ट्रॅश' असं नाव लिहिलेलं होतं. त्याच्याही आधी, १९८१ साली झेरॉक्स कंपनीचा स्टार नावाचा कॉम्प्युटर आला, त्याच्या पडद्यावर कागद, फाइल, टपालाचा ट्रे अशी चित्रं होती, त्यांनाही नावं होती. चित्रांच्या जोरावर कॉम्प्युटर घराघरांत नेणाऱ्यांनी सुरुवातीला शब्द सोडला नव्हता. इंग्लंडसाठीच्या मॅकिंटॉशवर तर त्याच डब्याखाली 'ट्रॅश' ऐवजी 'वेस्टबास्केट' लिहिलं जाई, कारण तिथले लोक तसं म्हणतात. इंग्रजीतून इंग्रजीत सुद्धा शब्द बदलायची काळजी घेतली! आणि आपण?

केअरबाईंचीच आणखी एक गोष्ट सांगते. मॅकिंटॉशच्या कीबोर्डवर एक खूण आहे, मधे चौकोन आणि चारही कोपऱ्यांना एकेक वेटोळं. मला ती बघून आपली रांगोळीच आठवली. केअरबाईंना ती चिन्हांच्या एका पुस्तकात सापडली. स्वीडनमध्ये ती खूण 'इथे बघण्यासारखं काही आहे' हे सांगायला वापरतात. तिकडे प्रेक्षणीय स्थळ, कीबोर्डवर हुकूम देणारं बटण, आणि माझ्या अंगणात रांगोळी. चित्र एक आणि अर्थ तीन. म्हणून तर शेजारी शब्द लागतो.

निळ्या कपाटाचं राहिलंच. ती फ्लॉपी. चौकोनी प्लास्टिकची चकती, तिच्यात जेमतेम १.४४ एम.बी. मावायचे. सोनी कंपनीनं २०११ च्या मार्चमध्ये जपानमधली तिची विक्रीसुद्धा बंद केली. माझ्या भाचीनं फ्लॉपी कधी हातात धरलेली नाही. तिला ते चित्र कळतं, कारण ते पाठ झालंय. पाठ झालेलं कळतं, यात चित्राचं काय कौतुक? ज्या बाईनं ना फ्लॉपी पाहिली ना कॉम्प्युटरचा क्लास केला, तिच्यासाठी ते कपाटच. आणि कपाट म्हणजे ठेवायची जागा, हा तिचा अर्थ तरी बरोबर लागला हो, केवळ योगायोगानं.

"तुम्ही खेड्यातल्या बायकांचं सांगता, शिकलेल्या लोकांना चित्रं कळतात," असं कुणी म्हणेल. तर मायक्रोसॉफ्टमध्ये ऑफिस या सॉफ्टवेअरच्या मांडणीचं काम केलेल्या जेन्सन हॅरिस यांनी लिहून ठेवलेला अनुभव असा. आऊटलुक हा त्यांचा टपालाचा प्रोग्रॅम. त्याच्या पट्टीवरची चित्रांची बटणं सर्वसाधारण लोक वापरायचेच नाहीत. चित्रं बदलून पाहिली, बटणांच्या जागा बदलून पाहिल्या, उपयोग शून्य. शेवटी महत्त्वाच्या बटणांवर चित्राशेजारी शब्द लिहिले. आणि लोक ती बटणं सर्रास वापरू लागले, नवखेही आणि जुनेही. हे अमेरिकेतल्या ऑफिसांत बसणाऱ्या, इंग्रजी येणाऱ्या लोकांचं! आपण उगाच स्वतःला अडाणी म्हणवून घेतो.

आता सगळ्यात जोरात पुढे येणारा मुद्दा. ज्यांना वाचताच येत नाही त्यांचं काय? चित्र तर त्यांच्यासाठीच ना? मुद्दा खरा आहे, आमच्याही गटात अंगठा उठवणाऱ्या दोन आजी आहेत. पण मी म्हणते, चित्र काढून टाका असं कुठे म्हटलं मी? दोन्ही ठेवा. आणि दोन्ही ठेवणं आपल्या देशाला नवीन नाही. १९५१-५२ ची पहिली निवडणूक झाली, तेव्हा १९५१ च्या जनगणनेप्रमाणे देशातली साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती, आणि बायकांची तर ९ टक्क्यांच्याही खाली. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचं चिन्ह. आज मतदान यंत्रावर काय असतं, आठवून बघा. उमेदवाराचं नाव, त्याचं चिन्ह, आणि २०१५ पासून फोटोसुद्धा. साक्षरता वाढली म्हणून चिन्ह काढलं नाही, आणि चिन्ह आहे म्हणून नाव गाळलं नाही. फोटो वाढवला, कारण एकाच नावाचे दोन उमेदवार उभे राहिले की लोक फसतात. एवढ्याशा पाटीवर तिन्ही बसतात, आणि कुणी म्हणत नाही की 'जागा नाही' किंवा 'मोकळं छान दिसत होतं'.

शिवाय २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या सुमारे ७६ टक्के बायका साक्षर होत्या. म्हणजे चौघींतल्या तिघींना शब्द वाचता येतो. चौथीला चित्राचा आधार हवा, जरूर हवा. पण तिलाही ते चित्र आधी कुणीतरी समजावून द्यावं लागतं, आणि समजावणारी ही त्या तिघींपैकीच एक असते. तिला स्वतःला अर्थ कळला तर ती सांगेल ना?

ज्यांना दिसत नाही अशा मैत्रिणींचा विचार तर आपल्या मनातही येत नाही. त्यांच्यासाठी पडदा वाचून दाखवणारे प्रोग्रॅम असतात. एन.व्ही.डी.ए. हा त्यातला फुकट मिळणारा. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणानं तो २००६ साली सुरू केला. तो मराठीही बोलतो. पण बोलणार काय? बटणाला शब्द दिलेला असेल, तर 'साठवा, बटण' असं म्हणेल. शब्दच दिलेला नसेल, तर नुसतं 'बटण'. आठ बटणं म्हणजे आठ वेळा 'बटण, बटण, बटण'. यात काय दाबावं माणसानं? (टीकिंटरची रड आणखी वेगळी. त्यात केलेली बटणं वर्षानुवर्षं या वाचणाऱ्या प्रोग्रॅमांना धड कळतच नव्हती, शब्द दिलेला असो वा नसो. आपल्या गटात अंध सभासद असेल, तर प्रोग्रॅम करणाऱ्याला हे आधीच सांगायला हवं.)

बरं, शब्द लिहायचा ठरलं, तर कोणता? इथे मराठीची आणखी एक कसरत आहे. 'जतन करा' हा शब्द कॉम्प्युटरच्या मराठीत रुळलाय. गोड शब्द आहे, मला आवडतो. पण आमच्या बायका किल्ले आणि पणजीचं नथाचं पेटाळं जतन करतात, हप्त्याची नोंद जतन करत नाहीत. ती 'लिहून ठेवतात'. मग बटणावर 'लिहून ठेवा' का नको? कीर्द लिहिणाऱ्या बाईला 'जमा', 'नावे', 'शिल्लक', 'बाकी' हे शब्द तोंडपाठ आहेत. ते सोडून 'क्रेडिट प्रविष्टी' असलं काहीतरी कशाला?

आणि 'रद्द'! या शब्दानं तर मी स्वतः कितीजणींना घाम फुटलेला पाहिलाय. पडद्यावर प्रश्न येतो, 'ही नोंद रद्द करायची आहे का?' खाली दोन बटणं, 'ठीक' आणि 'रद्द करा'. आता नोंद रद्द करायला कोणतं दाबायचं? 'रद्द करा' दाबलं तर रद्द करणं रद्द होतं! इंग्रजीतला 'कॅन्सल' उचलून जसाच्या तसा इथे चिकटवल्याची ही फळं. त्यापेक्षा 'पुसा' आणि 'राहू द्या' अशी दोन बटणं ठेवा. शंभर वर्षांच्या म्हातारीलाही कळेल.

शब्द बरोबर असला तरी तो पूर्ण दिसला पाहिजे. आपल्या लिपीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. इंग्रजी अक्षराच्या मापानं बटणाची उंची ठरवून टाकली, की आपल्या शब्दाचे पाय कापले जातात. 'पुसा' चा उकार कापला गेला की राहतो 'पसा'. एका ठिकाणी मी 'जुने' च्या जागी 'जने' वाचलंय, आणि कितीतरी वेळ विचार करत बसले की हे जने कोण! लांबीचंही तसंच. इंग्रजी 'अॅड' तीन अक्षरांचा, आपलं 'नवीन सभासद' त्याच्या दुपटीहून जास्त. भाची म्हणाली, बटणाची लांबी-रुंदी आकड्यात बांधून न टाकता शब्दाच्या मापानं वाढू द्यायची सोय या सगळ्या संचांमध्ये असते. म्हणजे शिंप्यानं मापं घेऊन शिवायचं, की तयार झंपर आणून बाईलाच म्हणायचं, अंग चोर?

काही जण सांगतात, माऊसचा बाण चित्रावर नेऊन क्षणभर थांबा, बारीक चौकटीत नाव दिसतं. दिसतं, मान्य. पण थांबायचं असतं हे नवख्या बाईला कुणी सांगायचं? आधीच हात कापत असतो, मागे दोघं-तिघं उभे असतात. शिवाय पडद्यालाच बोट लावायचं असेल, तिथे माऊस कुठला! झाकून ठेवलेलं नाव हे नाव नसल्यासारखंच.

हां, काही खुणा आहेत ज्यांना शब्द नसला तरी चालतं. गाणं लावायचा त्रिकोण, अधिकचं चिन्ह, पुढच्या पानाचा बाण. रोज आठ तास तेच काम करणारीला काही दिवसांनी सगळीच चित्रं पाठ होतील, तिला शब्दांची अडगळ वाटू शकेल. तिच्यासाठी शब्द लपवायची सोय ठेवा, माझी हरकत नाही. पण नव्या बाईला आधी शब्द दिसू देत. लपवायचे तर तिनं तिच्या मनानं लपवावेत.

आमच्या त्या मुलानं एका संध्याकाळी आठही बटणं नीट करून दिली. डबा काढून तिथे त्यानं खोडरबर काढलं, खाली 'पुसा'. निळं कपाट बायकांनी राहू द्यायला सांगितलं, आता त्याखाली 'लिहून ठेवा' आहे. आता गावोगावी दूध संकलन केंद्रं, पतसंस्था, शाळेचं ऑफिस, ग्रंथालय, सगळीकडे कुणी ना कुणी असे छोटे प्रोग्रॅम करून घेत असतं, आणि ते चालवायला बसतात आपल्याच मुली आणि सुना. करून घेताना रंग कोणता, आपल्या संस्थेचं बोधचिन्ह कुठे, यावर अर्धा अर्धा तास चर्चा होते. त्याच बैठकीत जी रोज तो प्रोग्रॅम चालवणार आहे तिला खुर्चीवर बसवा, आणि एकेका बटणावर बोट ठेवून विचारा, "हे दाबलं तर काय होईल?" शेजारून कुणी उत्तर सांगायचं नाही. ती जिथे अडखळेल त्या बटणावर शब्द लिहून घ्या, शक्यतो तिनंच सांगितलेला. आणि करणाऱ्याचे उरलेले पैसे त्यानंतर द्या.